श्योक नदी मी उलटी वाहवली

दत्तोबा गावड्यांनी नकाशाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "सुभेदारसाहेब, नदीच्या ह्या अंगाला आपण कवा गेलतो?"

कागलच्या हॉलमधल्या टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. एका जुन्या प्लाटूनची वीसेक माणसं, त्यांच्या घरची मंडळी, आणि स्टेजवर सत्काराचा नारळ धरून उभा असलेला मी. भिंतीवरचा सहा फुटी नकाशा मीच काढलेला. नारळ जरा लवकर मिळाला, हे मला तेव्हाच कळलं.

झालं होतं असं. राजारामपुरीत माझं नकाशे काढायचं ऑफिस आहे. शिरोली एमआयडीसीतले प्लॉट, पाइपलाइनी, शेतांच्या हद्दी, असली कामं. हिमालय कधी माझ्या टेबलावर आला नव्हता. तो आणला रिटायर्ड सुभेदार मुल्लांनी. पंधरवड्यापूर्वी ते ऑफिसात शिरले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पावणं, लडाखातली नदी काढून मिळंल काय?"

नदी होती श्योक. पूर्वी त्या वाटेनं तांडे घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या भाषेत या नावाचा अर्थ मरण असा होतो, असं तिकडे सांगतात. खरंखोटं तेच जाणोत. पण उन्हाळ्यात बर्फ वितळलं की तिचं पाणी सिमेंट कालवल्यासारखं होतं, हे मुल्लांनी स्वतः बघितलेलं. अशा एका उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम तिच्या काठी पडला. पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले. तेव्हा प्लाटूनचा स्वयंपाकी, चंदगडचा दत्तू गावडे, दोन कॅन घेऊन एकटाच दगडधोंड्यांतून वर गेला आणि स्वच्छ पाण्याचा नाला शोधून आला. पुढचे चार महिने सगळी त्याच पाण्यावर होती. सगळे त्याला दत्तू नाला म्हणायला लागले. सामान वाहून आणणारे तिथले गडीसुद्धा.

मुल्लांना तो नाला नकाशावर नावानिशी हवा होता. स्नेहमेळाव्यात दत्तोबांना भेट द्यायला.

मी धंद्याचा नियम सांगितला. आमच्यात सरकारी नकाशावर असेल तेच नाव लिहितात. कुणी म्हणतं म्हणून लिहीत नाहीत.

मुल्लांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आन पाचवी ती गुप्त, एकत्र आल्या. त्यास्नी पंचगंगा हे नाव कुणी दिलं? दिल्लीस्नं सर्व्हेवाला आलता व्हय?"

मी हो म्हटलं आणि चहा मागवला.

जागा त्यांनी नीट सांगितली. त्यांच्या मुक्कामाच्या पट्ट्यात, वरून तिसरा नाला, डाव्या काठाचा. 'वरून' म्हणजे उगमाच्या बाजूनं मोजत. आणि डावा काठ म्हणजे नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येतो तो. हे मला बरोबर कळलं. माझी अक्कल चालली नाही ती पुढे.

आमच्या भागातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेला जातात. नकाशात पश्चिम डावीकडे, पूर्व उजवीकडे. तीस वर्षं माझ्या हातानं नदीचा बाण काढला तो उजवीकडेच. श्योकचं तसं नाही. ती आधी आग्नेयेला धावते, मग डोंगर आडवा आला की एकदम वळसा घेते आणि वायव्येला परत फिरते. मुल्लांचा पट्टा या वळणाच्या पुढचा. तिथे नदी उजवीकडून डावीकडे येते. मी सॅटेलाइटच्या फोटोवरून सुंदर निळी रेघ ओढली आणि सवयीनं बाण काढला उजवीकडे.

हे कळायचा उपाय होता. कंटूर म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ. ती नदी ओलांडताना इंग्रजी व्हीसारखी वळते आणि त्या व्हीचं टोक कायम उगमाकडे असतं. डिप्लोमाच्या पोरालाही हे येतं. पण दिसायला गर्दी होते म्हणून मी कॉम्प्युटरवर कंटूरच्या रेघांचा लेअरच बंद करून ठेवला होता.

एक बाण उलटा, की सगळंच उलटं. उगम गेला भलत्या टोकाला. डावा काठ समजून मी पलीकडचा काठ धरला. आणि तिथे भलत्या टोकाकडून तीन मोजून ठळक अक्षरांत लिहिलं, दत्तू नाला. प्रूफ मुल्लांच्या मोबाइलवर पाठवलं. त्यांनी नाव तेवढं मोठं करून बघितलं आणि 'झकास' म्हणून कळवलं.

आता स्टेजवर मुल्ला नकाशाजवळ आले, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे वळले.

"ह्यो बाण?"

मी नारळ खाली ठेवला. मोबाइलवर मूळ फाइल उघडली, कंटूर चालू केले. सगळे व्ही एका ओळीत उभे राहून माझा बाण जात होता तिकडेच टोक करून बघत होते, म्हणजे उगम तिकडेच होता. मी माइकवरच सांगून टाकलं, की नदी मी उलटी वाहवली आहे.

सुभेदार म्हणाले, "म्हंजे तुमी आमच्या दत्तूला नदीपल्याड धाडलासा."

"त्या पाण्यातनं कॅन घिऊन पल्याड गेलो असतो," दत्तोबा शांतपणे म्हणाले, "तर आज हितं कशाला दिसलो असतो?"

अख्खा हॉल हसला. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग कुणीतरी मार्कर दिला. मी बाण खोडला, डावीकडे नवा काढला, पलीकडचं नाव खोडलं. खालच्या बाजूला, उजवीकडून तिसऱ्या नाल्यावर नवं नाव लिहायला वाकलो, तर दत्तोबांनी हात धरला.

"तुमी ऱ्हाऊ द्या. परत तिकडंच न्यालासा."

मार्कर घेऊन ते तो नाला बघत राहिले. एका वळणावर बोट टेकवून म्हणाले, इथं मोठा लाल धोंडा होता, त्यावर कॅन टेकवायचो. मग स्वतःच्या हातानं, थोडं तिरकं, लिहिलं: दत्तू नाला. प्लाटूनमधल्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

आठवड्यानं मी नकाशा नव्यानं छापला. या वेळी कंटूरसकट, लाल धोंड्यासकट. एसटीनं चंदगडला गेलो. दत्तोबांचा जुना नकाशा घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर लावलेला होता, खाडाखोड, सह्या, सगळं. मी म्हटलं हा घ्या आणि तो द्या, चुकीचा नकाशा माझ्या नावावर भिंतीला नको. त्यांनी नवा नीट बघितला, बरोबर हाय म्हणाले, आणि गुंडाळून मला परत दिला. जाताना काजूची पिशवी हातात ठेवली.

बिनचूक नकाशा माझ्या ऑफिसात टेबलासमोर आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा बाण डावीकडे कसा? मी सांगतो, नदी डावीकडे जाते म्हणून. एवढं शिकायला तीस वर्षं लागली. आता बाण काढायच्या आधी कंटूर चालू करतो, आणि नारळ समोरच्यानं नकाशा वाचून झाल्यावरच घेतो.