गवती चहा आणि गंगाजल

गवती चहा उकळायला लागला की मला महाल भागातल्या आमच्या खोलीतली मे महिन्याची ती दुपार आठवते. खिडकीत गारव्यासाठी लावलेल्या खसाच्या ताट्या वाळल्या होत्या. बाबांना धाप लागली होती आणि मोठे काका काशीचं गंगाजल घेऊन उशाशी बसले होते. मेल्यावर काही उरत नाही, असं बाबांचं ठाम मत होतं. सकाळीच ते मला म्हणाले होते, "शेवटी तोंडात गंगाजल नको वं मले. तुझ्या हातचा चहा दे."

काकांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. तरी कपबशी घेऊन मध्ये उभी राहिले. "काका, बाबांना चहा हवाय."

"इंग्रजी शाळेत हेच शिकून राहिली का वं? चहानं त्याले वर काय भेटन?"

"वर काही नाही, दादा," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "चहा थंडा होऊन राहिला."

काकांनी गडू खाली ठेवला आणि बाबांचं डोकं हातावर उचलून धरलं. मी चमच्याने चहा पाजला.

"साखर कमी पडली वं."

आपण फक्त दिलेला शब्द पाळतोय, असं तेव्हा मला वाटलं होतं. आज कळतं, त्या क्षणी माझंही मत ठरलं होतं. पुढे काहीच नसेल, तर साखर आत्ताच पुरेशी हवी. मी डबा आणायला धावले.