द्यायची साडी, नेसायची साडी

माझ्या मायला ‘बजेट’ ठरवणाऱ्या माणसाबरोबर मी एकाच ऑफिसात बसते आणि रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणते. पगार घ्यायचा तर म्हणावं लागतं. पण भांडण मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

ऑफिस म्हणजे सुरतच्या रिंग रोडवर, कापड मार्केटातलं साड्यांचं दुकान. खाली पांढऱ्या गाद्या घातलेला काउंटर, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर घेऊन बसलेले आम्ही. शेठची गिऱ्हाइकं पूर्वी आपल्या पायांनी यायची, आता त्यांना फोनवर मेसेज पाठवून बोलवावं लागतं. गुजराती मेसेज एक जण लिहितो, हिंदी दुसरा, मराठी मी. मराठी गिऱ्हाईक म्हणजे लिंबायत, उधना, पांडेसरा इथली आमची माणसं. खान्देशातून लूमवर कामाला आली आणि इथलीच झाली. माझा बापही लूमवरच होता. मी घरात अहिराणी बोलते, रिक्षात हिंदी, शेठशी गुजराती, आणि चिडले की तिन्ही एकदम.

वर आमचे मार्केटिंगचे साहेब बसतात. त्यांना आम्ही सर म्हणतो. पुण्यात शिकून आलेत, बोलणं गोड, शर्टाला कायम इस्त्री. त्यांचा जीव एकाच गोष्टीत, टेस्टिंगमध्ये. एकाच मालाचे दोन मेसेज लिहायचे, गिऱ्हाइकांचे दोन भाग करायचे, अर्ध्यांना हा पाठवायचा, अर्ध्यांना तो. ज्यावर जास्त ऑर्डरी येतील तो जिंकला. इथपर्यंत मला पटतं, खोटं कशाला बोलू? गुजराती ग्रुपला ‘नवीन डिझाइन’ लिहिलं तर फोन मुका पडतो, ‘थोडेच पीस राहिले’ लिहिलं की वाजून वाजून बेजार करतो. हे घरी बसून कुणाला सुचलं नसतं.

लग्नसराईच्या तोंडावर मराठी ग्रुपची पाळी आली. सरांनी स्वतः मेसेज लिहिला, ‘आहेर मोठा, खर्च छोटा!’ खाली स्वस्तातल्या साड्यांचे फोटो. मी म्हटलं, दुसरा मी लिहिते. मी काठाबद्दल लिहिलं, पोताबद्दल लिहिलं, गडद रंग आमच्या बायकांना कसे खुलून दिसतात ते लिहिलं. मनापासून लिहिलं. दोन्ही मेसेज गेले.

आणि माझा आपटला. सरांच्या मेसेजवर गठ्ठ्यानं ऑर्डरी आल्या, माझ्यावर एका बाईनं विचारलं, ‘आहेराच्या आहेत का?’

सर खुर्चीत मागे रेलले. "बघितलंस? तुमच्या बायकांना स्वस्त हवं असतं. उगाच काठ आणि पोत."

माझं डोकंच फिरलं. "सर, आमच्याकडे लग्न निघालं की येणाऱ्या प्रत्येक बाईला साडी द्यावी लागते. आत्या, मामी, मावशी, त्यांच्या जावा, गल्लीतल्या शेजारणी. ती साडी कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसरीला दिली जाते. तिला आम्ही म्हणतोच द्यायची साडी. नेसायची साडी वेगळी."

"मग तुझ्या मेसेजमध्ये नेसायचीच होती ना? तिला कुणी भाव दिला नाही."

"नेसायची साडी फोनवर कोण घेतं? चार बायका बरोबर लागतात, साडी पूर्ण उघडावी लागते, दारात उजेडात नेऊन बघावी लागते, खांद्यावर टाकावी लागते. तुम्ही विचारलंत दुसऱ्याला काय देणार, त्याचं उत्तर त्यांनी दिलं. त्यावरून त्यांची आवड कशी ठरवता?"

"हे बघ, भावना बाजूला ठेव," सर म्हणाले. "रिझल्ट समोर आहे."

रिझल्ट! डोंबलाचा रिझल्ट. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये मराठी ग्रुपातल्या, आहेराची ऑर्डर दिलेल्या सगळ्या नंबरांपुढे एक शब्द टाकला, ‘बजेट’. खालच्या काउंटरवर नंबर टाइप केला की आता तो शब्द दिसणार होता, महाग माल दाखवण्यात सेल्समनचा वेळ वाया जाऊ नये म्हणून.

त्या नंबरांत माझ्या मायचा नंबर होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि मायनं सरांच्याच मेसेजवरून आहेराचा गठ्ठा मागवलेला. मी घरी जाऊन कटकट केली, की माझ्या विरुद्ध ऑर्डर दिलीस. ती भाकरी थापत होती. "देवानी साडी शे ती," म्हणाली. "देवानी साडीले काय पोत पाहू?" द्यायचीच साडी आहे, तिचा काय पोत बघू? झालं, विषय संपला तिच्यापुरता.

माझ्या मायबद्दल एक सांगायला हवं. तिनं आयुष्यात स्वतःसाठी साडी विकत घेतलेली नाही. अंगावर कायम कुणाकुणाच्या लग्नात आलेल्या साड्या. लेकीच्या लग्नात मात्र तिनं ठरवलं होतं, या वेळी मी माझ्या पसंतीची घेणार. घरात हे तिनं दोनदा बोलून दाखवलं, म्हणजे तिच्या हिशेबानं डंकाच पिटला. आणि ती कुठून घ्यायची? पोरगी काम करते त्या दुकानातून. कौतुक होतं तिला.

मला न सांगता आली. काकू, मामी आणि शेजारच्या मावशीला घेऊन, दुपारी, डोक्याला तेल लावून. चौघी गादीवर मांडी घालून बसल्या. सेल्समननं पहिलं काय विचारलं? मोबाईल नंबर. मायनं सांगितला. त्यानं टाइप केला, आणि मागे वळून खालच्या फळीवरचा गठ्ठा काढून धाडकन समोर टाकला. तोच माल, आहेराचा.

"देवानी नको, भाऊ," माय म्हणाली. "नेसानी दखाड." नेसायची दाखव.

"मासी, तमारी रेंज आ ज छे," तो म्हणाला. तुमची रेंज हीच आहे. वाईट पोरगा नाही तो. स्क्रीनवर जे दिसलं तेच बोलला.

हे मला मावशीनं नंतर सांगितलं. तेव्हा मी वर होते. काकूचा चढलेला आवाज ऐकला आणि धावत खाली आले. माय माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तिला कळतच नव्हतं, की आपलं काय चुकलं. मी जन्मात तिचं असं तोंड पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला जास्तच चीड येते.

चपला काढून मी गादीवर चढले. वरच्या फळीवरून साड्या ओढल्या आणि एकामागून एक उघडून टाकल्या. गादी भरली. आरडाओरडा ऐकून सर आले.

"हे तुझं काम नाही. खाली उतर."

"माझं काम काय, सर? गिऱ्हाइकाला काय हवं ते शोधायचं ना? तेच शोधतेय."

"तमाशा करू नकोस."

"तमाशा तुम्ही केलात. माझी माय तुमच्यासमोर बसलीय. तिला विचारा ना, काय हवं. एकदा तोंडानं विचारा!"

सरांनी विचारलं नाही. मायनं एका साडीच्या काठावरून बोटं फिरवली, घडी केली, बाजूला ठेवली. "आते नको," आता नको, म्हणाली आणि उठली. तिच्यामागे काकू, मामी, मावशी. दुकानातून चौघी रिकाम्या हातांनी गेल्या. मी गादीवर त्या साड्यांच्या ढिगात उभी होते.

संध्याकाळी शेठनी बोलावलं. सर आधीच सगळं सांगून बसले होते. काढायचं तर काढा, मी म्हटलं, राजीनामा देणार नाही. शेठनी हात हलवला आणि विचारलं, "तारे शुं जोईए?" तुला काय हवंय?

"एक मेसेज. सगळ्या मराठी नंबरांना. अर्धे इकडे अर्धे तिकडे नाही. आणि काउंटरवर नंबर विचारणं बंद."

सर म्हणाले, टेस्ट न करता एकदम सगळ्यांना? मी म्हटलं, टेस्ट झाली की दुपारी, तुम्ही बघितली नाही का?

शेठ व्यापारी माणूस. चार गिऱ्हाइकं उठून गेली हे त्यांना माझ्या अश्रूंपेक्षा जास्त लागलं. हो म्हणाले. मी लिहिलं, ‘द्यायच्या साड्या फोनवर मागवा. नेसायची साडी घ्यायला दुकानात या. घरच्या सगळ्या बायकांना घेऊन या. वाटेल तेवढ्या उघडा, दारात उजेडात न्या. तुमचा नंबर कुणी विचारणार नाही.’

अय माय वं, काय गर्दी झाली! चार-चार, सहा-सहा जणींचे घोळके. रिक्षा भरून आल्या. सेल्समनचे हात घड्या घालून दुखले. वरच्या फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. सर जिन्यात उभे राहून बघत होते आणि म्हणत होते, मेसेजची भाषा बरी जमली, आता गुजराती ग्रुपवर हाच टेस्ट करू. बिनधास्त करा, मी म्हटलं.

मी तरंगतच घरी गेले. "माय, उद्या चल. तुला हवी ती साडी घे. आता कुणी नंबर विचारत नाही."

ती लग्नाचे गहू निवडत होती. मेसेज तिलाही गेला होता, तिनं वाचला होता. चांगला लिहिलाय म्हणाली. "पन मी नही येवाव." मी नाही येणार.

"का? तुझ्यासाठीच तर केलं सगळं! नोकरी जायची पाळी आली होती माझी!"

"दुसऱ्या बायांसाठी चांगलं झालं," ती म्हणाली. "माझा नंबर विचारून झाला ना."

मला वाटलं होतं, मी जिंकले. तिला त्याचं काहीच नव्हतं. तिच्या लेखी त्या गादीवर एकदाच काय ते झालं होतं आणि ते मेसेजनं पुसलं जाणार नव्हतं. खूप राग आला तिचा. रात्रभर. सकाळी उठले तेव्हा राग नव्हता, नुसता अभिमान होता, आणि त्याचंही वाईटच वाटत होतं.

रविवारी ती मला आणि त्याच तिघींना घेऊन गेली. कुठे? आमच्या दुकानाच्या बरोबर समोरच्या दुकानात. लग्नसराईत आमचं दुकान रविवारीही उघडं असतं. सर वरच्या खिडकीत दिसले. त्यांनी मला त्या गादीवर बसलेलं पाहिलं. बघू दे, म्हटलं, आणि मुद्दाम हात हलवला.

मी काठपदराच्या साड्या मागितल्या. मरून, गडद हिरवी, वांगी रंगाची. माझ्या त्या आपटलेल्या मेसेजात लिहिल्या होत्या तशाच. काकू-मामी माना डोलावत होत्या. मायनं एकेक बाजूला सारली. मग कोपऱ्यात कुणीतरी उघडून टाकलेली एक साडी तिनं स्वतः ओढून घेतली. फिकट गुलाबी, झुळझुळीत, काठ नाही, अंगभर बारीक चमकी. वीस वर्षांच्या पोरीनं घ्यावी अशी. आमच्या कुठल्याही मेसेजात तिला जागा नव्हती.

"माय, ही नको गं," मी म्हटलं. "आपल्या बायकांना ही शोभत नाही."

तिनं साडी खांद्यावर टाकली, आरशाकडे वळली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुले कोनी इचारं?"

सगळ्या हसल्या, समोरचा दुकानदारसुद्धा. मी तोंड बंद केलं आणि तिचा पदर नीट लावून दिला.