भाकरीच्या पुडक्यातलं आधारकार्ड

नवरा गेल्यावर चंद्रव्वानं तव्यालाच धनी मानलं. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या तिच्या घरातून ज्वारीच्या कडक भाकऱ्या पार पुण्या-हैदराबादपर्यंत जातात. गिऱ्हाईक पुडकं उचलताना हटकून विचारायचं, "मावशी, तुमचं कार्ड द्या की."

छापील कार्डं करून घ्या म्हणून सून भुवनेश्वरी मागं लागली होती. चंद्रव्वाला ते खूळ वाटलं. घरात एक कार्ड असताना दुसरं छापायचं कशाला? तिनं आधारकार्डाच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या, खाली मोबाईल नंबर घातला आणि प्रत्येक पुडक्यात एकेक सारायला लागली.

"फोटू हाय, नाव हाय, पत्ता हाय," ती म्हणायची. "फसवायला बसल्याली बाई असलं कार्ड देईल व्हय?"

भुवनेश्वरीच्या ध्यानात आलं तोवर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली होती आणि जत्रेत सोलापूरभर चंद्रव्वा वाटून झाली होती. सुनेनं उरलेल्या झेरॉक्स हिसकावून घेतल्या.

"अत्ती, ह्या नंबरावर कुणीबी कायबी करतंय." सासूला ती अत्तीच म्हणते.

"करंना. भाकरीच मागंल की."

उन्हाळ्यात दारात हवालदार आला. चंद्रव्वाच्या नावावरच्या एका मोबाईल नंबरावरून माळशिरसच्या कुणा जोतिरामला 'पोराला नोकरी लावतो' म्हणून लुबाडलं होतं.

"माझा एकच नंबर हाय. त्याच्यावर निस्त्या भाकऱ्या मागत्यात," चंद्रव्वा म्हणाली.

हवालदारानं आपल्या फोनवर सिमची नोंद दाखवली. नाव चंद्रव्वाचं, आधार नंबर चंद्रव्वाचा. फोटो मात्र केस मोकळे सोडलेल्या, ओठ रंगवलेल्या तिशीतल्या बाईचा.

"ही कोण भवानी?"

"सिम घेताना हाच फोटो लावलाय, मावशी."

"आन् दुकानदाराला ही चंद्रव्वा वाटली? डोळं हायती का बटनं?"

भुवनेश्वरीनं लगेच सरकारच्या वेबसाइटवर बघितलं. सासूच्या नावावर आणखीही सिम निघाली. 'हे आमचे नंबर नाहीत' म्हणून तिनं तिथंच कळवलं, आधारवरचे बोटांचे ठसे कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून लॉक केले. पण सिम कंपनीनं चोरांच्या नंबरांबरोबर चंद्रव्वाचा खरा नंबरही बंद करून टाकला. पोलिसातल्या तक्रारीची प्रत आणा, मग चालू करू, म्हणाले. चोरांना सिम देताना ह्यांचं एका झेरॉक्सवर भागलं होतं. नंबर बंद म्हणजे मागणी बंद, तवा थंड.

दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. त्याच हवालदारानं अर्ज लिहिला, भुवनेश्वरीनं वाचून दाखवला. "माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या आधारकार्डाचा गैरवापर झाला..."

"निष्काळजीपणा म्हंजे?"

"म्हंजे तुमची चूक, अत्ती."

"खोडा ते."

"सगळ्यांच्याच अर्जात लिवतो आमी, मावशी. करा सही. काम तुमचंच अडलंय."

भुवनेश्वरीनं कोपरानं ढोसलं. "करून टाका की. नंबर चालू हुंदे."

"तू गप." चंद्रव्वाचा आवाज चढला. "कागद मी वाटलं. व्हय, वाटलं. येडेपणा केला, आता करणार न्हाय. पन म्हून माझं नाव पळवायचं? ज्यानं माणसाचं तोंड न बघता सिम दिलं, त्याचं नाव हितं कुटं हाय?"

"ते तपासात येईल."

"आन् माझी चूक तपासाच्या आदीच कशी आली?"

हवालदार तापला. "मग बसा तितं."

"बसते की."

ती बाकावर बसली आणि नुसती बसली नाही. शेजारी मंद्रूपचा एक शेतकरी खात्यातले पैसे कुणीतरी काढले म्हणून आला होता. "दादा, तुमच्या कागदात बघा, निष्काळजीपणा हाय का." त्यानं बघितलं. होता. पलीकडं बसलेल्या एका मास्तरीणबाईंच्याही अर्जात होता. मास्तरीणबाई उठून टेबलाजवळ गेल्या, मागोमाग शेतकरी गेला. "हे खोडा," "आमचंबी खोडा," सुरू झालं.

"ओ मावशी, या बरं हिकडं!" हवालदारानं हात जोडले. जुना कागद टराटरा फाडला आणि नवा लिहिला. त्यात ते वाक्य नव्हतं. सिम विकणाऱ्याची चौकशी व्हावी, अशी ओळ होती. भुवनेश्वरीकडून दोनदा वाचून घेतल्यावर चंद्रव्वानं खाली कानडीत सही केली.

प्रत मिळाली, नंबर चालू झाला. दुकानदाराला मात्र अजून कुणी हटकलेलं नाही. म्हणून सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन झालं की चंद्रव्वा वाकडी वाट करून ठाण्यात जाते.

"का वो, सापडला का त्यो बटनाच्या डोळ्याचा?"

हल्ली तिला फाटकात बघितलं की हवालदार चहाला निघून जातो. ती बाकावर बसून राहते. तो येईपर्यंत.