पोचलं म्हणायचं राहिलं

कलाबाईचे डोळे मिटतात ते झोपेने नाही, रागाने. कुणाचंही तोंड बघायचं नाही म्हणून ती डोळे मिटून घेते, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं जागरण मागून येऊन तिला हळूच आत ओढायला लागतं. बाहेर माळशेजच्या माथ्यावर भर दुपारचं धुकं आहे. चहाच्या टपरीपाशी टोमॅटोने भरलेल्या पिकअप एकामागे एक उभ्या आहेत, आणि त्यांचे ड्रायव्हर हातात ग्लास धरून तिच्याकडे न बघण्याची खटपट करताहेत. ती नवऱ्याच्या रिकाम्या पिकअपमध्ये काचा वर करून बसली आहे. हातात वायरलेसचा माईक आहे, आणि त्याची कुरळी वायर डॅशबोर्डखालच्या सेटात गेलेली आहे.

हा सेट घाटातल्या सगळ्या गाड्यांना आहे. इथे मोबाईलला रेंज नाही आणि धुक्यात समोरची गाडी नाकाशी येईपर्यंत दिसत नाही, म्हणून ओतूरच्या पिकअपवाल्यांनी सेट बसवून घेतले. पुढची गाडी वळणावरून सांगते, "मोकळं आहे." मागच्याने "पोचलं" म्हणायचं, म्हणजे ऐकू आलं. पोचलं ऐकू आलं नाही, तर पुढचा आपली गाडी बाजूला घेऊन थांबतो, मग बाजार सुटला तरी चालेल. बटण दाबलं की बोलायचं आणि सोडलं की ऐकायचं, दोन्ही एकदम होत नाही. एवढं कळायला शाळा लागत नाही, पण नवा माणूस हमखास बटण दाबूनच बसतो आणि घरातली भांडणं साऱ्या घाटाला ऐकवतो.

ड्रायव्हर मेला की त्याला निरोपही याच रीतीने देतात. तेरावं उरकलं की त्याची रिकामी गाडी माथ्यावर आणायची. प्रत्येकाने आपापल्या सेटवरून म्हणायचं की पुढं वळण मोकळं आहे, सावकाश जा. शेवटी घरच्या माणसाने त्याच्या गाडीतून "पोचलं" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय एकही गाडी खाली उतरत नाही.

आज निरोप गेनभाऊचा होता. बाजारात क्रेट उतरवता उतरवता छातीला हात लावून खाली बसलेला माणूस. सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून सेटवर त्याचं नाव मास्तर. कलाबाईने एकेक आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावून रडली. भिवाने, म्हणजे गेनभाऊच्या जोडीदाराने, सगळ्यांत शेवटी निरोप दिला, आणि आता आपण बोलायचं म्हणून तिने माईक उचलला. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला.

"पायथ्यावरून बोलते. बाबा, वळण मोकळं आहे. सावकाश जा."

पोटच्या पोरीचा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. कलाबाईने भिवाकडे पाहिलं. भिवा टायरकडे बघत होता. बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीही दचकलं नव्हतं. तिथे तिला सगळं कळलं. पायथा, पायथा म्हणून गेली सहा वर्षं गेनभाऊ ज्याचं नाव घेत होता, पायथा म्हणतोय धुकं आहे, पायथा म्हणतोय दरड आलीय, तो खालच्या टपरीवरचा कोणी बाप्या नव्हता. ती पूनम होती. साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं, आणि एकटी कलाबाई तेवढी घरी बसून देवाला दिलेला शब्द पाळत होती.

भिवाने काचेशी येऊन अदबीने सांगितलं होतं की वहिनी, उत्तर घरच्यांनी द्यायचं असतं. तिने काच वर केली होती.

आता काच आहे की नाही तेही नीट कळत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतं आणि गेनभाऊ आत चढून बसतो. अंगात नेहमीचा खाकी शर्ट. बसल्या बसल्या कुरकुर सुरू.

"सीट कुणी पुढं घेतली?"

"भिवानं आणली गाडी."

"त्याचे पाय आखूड." तो सीट मागे सरकवतो. मेलेल्या माणसाला सीटची इतकी काळजी कशाला, असं तिच्या मनात येतं, आणि तो मेला आहे हे आठवूनही तिला त्याचं नवल वाटत नाही. तिला फक्त त्याचा राग येतो. जिवंत असताना येत होता त्याहून जास्त येतो.

गाडी चालू न करताच चालायला लागते. वायपर फिरतात, आणि काचेपलीकडे त्यांच्या घरचा ओटा दिसतो. फळीवर लोणच्याच्या बरण्यांच्या मधोमध घरचा सेट आहे. वर पत्र्यावर जितू बसलाय. गावोगाव सेट बसवत फिरणारा जितू, हातात ड्रिल घेऊन एरियलसाठी भोक पाडतोय, आणि पत्र्याचा चुरा खाली शिजणाऱ्या आमटीत पडतोय. तो वरून ओरडतो, येतंय का? सेटपाशी उभी पूनम म्हणते, येतंय. तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा म्हणते. एका सेटला एवढं तपासायला काय असतं? तेव्हा सगळे हसले होते. गेनभाऊ आताही हसतो.

कलाबाई हसत नाही. ती आमटीतला चुरा वेचत बसते. वेचून संपत नाही.

मग ओटा अंगणात गेलेला असतो आणि नवरा-बायको तुळशीपाशी उभी असतात. पोरगी जितूबरोबर निघून गेली आहे, परक्या जातीत. भावकी ओट्यावर दाटीवाटीने बसली आहे. गेनभाऊ तिच्या ओंजळीत खंडोबाचा भंडार ठेवतो आणि शपथ घ्यायला लावतो. या घरात तिचं नाव निघणार नाही. तिच्याशी कुणी बोलणार नाही. ती शब्द उच्चारते. हळद तिच्या बोटांच्या बेचक्यांतून खाली सांडते आणि पुढचा सगळा रस्ता पिवळा होतो. त्याच रस्त्यावरून पिकअप चाललीय आणि ती दोघं पुन्हा आत आहेत.

फोन वाजतो. तो नेमका कोणता फोन आहे, हे ती बघायच्या आधीच ओळखते.

"नका लावू," ती म्हणते. "हा नको."

पण तो वाजतोच. पूनमचा आवाज येतो, आई, मला कळा सुरू झाल्यात. आणि कलाबाईचं बोट फोन बंद करतं. तेव्हा केला होता तसाच. त्या दिवशी ती दिवसभर जेवली नव्हती. संध्याकाळी गेनभाऊ आला, मोरीवर पाय धूत होता, तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं. आताही तो पाय धुतोय. मोरी गाडीतच आहे, आणि तांब्यातून पाण्याऐवजी धुकं पडतंय.

"बरं केलंस," गेनभाऊ म्हणतो, पायाकडे बघत.

कलाबाईच्या हातात काहीतरी आहे. ती ते घट्ट आवळते.

"तवा तुम्ही तिच्याशी बोलत होतात."

"बोलत होतो."

"कवापासनं?"

"गेली त्याच दिवाळीपासनं. धुकं कसं हाये, एवढंच इचारलं होतं मी. तिनं सांगितलं. मग रोज धुकं इचारायला लागलो."

"उन्हाळ्यात पण?"

तो फडकं काढून काच पुसायला लागतो. अडचणीचा विषय निघाला की तो आयुष्यभर हेच करत आला आहे, आणि मरूनही त्यात फरक पडलेला नाही.

"मला म्हणायचात, घाटात शिरतोय, आता ठेवतो," ती म्हणते. "मी फळीपाशी उभी राहून म्हणायचे, जपून जावा. माझा आवाज तोडून तिचा लावायचात."

"तुझा तिथवर पोचत नव्हता, कला."

"खोटं बोलू नका. माझ्या वंजळीत भंडार ठेवलात तुम्ही. मी देवाला भ्याले. तुम्ही घाटात शिरलात की तुमचा देव मागं राहायचा."

गाडी थांबते. घाट उतरल्याचं तिला आठवत नाही, पण समोर जितूचं गॅरेज आहे. भिंतीला जुन्या बॅटऱ्या लावून ठेवल्यात, टेबलावर सेट आहे, आणि दारात गेनभाऊची चप्पल आहे. एसटी स्टँडवर चोरीला गेली म्हणून त्याने सांगितलेली. खुंटीला त्याचा स्टीलचा डबा टांगलाय, तो बाजारात हरवला होता. कलाबाई एकेक वस्तू ओळखत आत जाते. आपल्या घरातून गेलेलं सगळं इथे नांदत होतं. आणि पलंगावर गोधडी. तिच्या हिरव्या लुगड्याची, तिने पूनम पोटात असताना शिवलेली. उंदरांनी खाल्ली, फेकून दिली, असं तो म्हणाला होता, आणि तिने उंदरांच्या नावाने बोटं मोडली होती.

गोधडीखाली काहीतरी झोपलंय. बाहेर फक्त दोन लहान पावलं आहेत. कलाबाई पुढे होते. पलंग तेवढाच मागे सरकतो. ती आणखी पुढे होते, तो आणखी मागे जातो.

"सगळ्यांस्नी ठाऊक होतं," ती म्हणते. "भिवाला, त्या टपरीवाल्याला. मी एकटीच येडी."

गेनभाऊ तिच्या शेजारी उभा आहे, पण बोलतो गाडीतून बोलल्यासारखा.

"घरात कुणीतरी राग धरायला पायजे होता. भावकी बघत होती. तू धरलास, म्हणून मला सोडता आला."

असं उत्तर ऐकण्यापेक्षा तो गप्प राहिला असता तर बरं झालं असतं. सहा वर्षं तिने जो राग आपला म्हणून जपला, चुलीत लाकूड घालावं तसं रोज त्यात थोडं थोडं घातलं, तो तिचा नव्हताच. त्याने तो तिच्याकडे ठेवायला दिला होता, आणि स्वतः हात मोकळे करून पोरीकडे जात होता.

"मी तिचं नाव घेतलं नाही," ती म्हणते. शब्द तोंडातून जड निघतात. "झोपेत सुद्धा घेतलं नाही. तिला कळा येत होत्या आणि मी फोन ठेवला. माझं काळीज फाटलं, तरी ठेवला, तुम्हाला शब्द दिला होता म्हणून. तुम्ही एकदा म्हणायचं होतं, बोल तिच्याशी म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. मी पळत गेले असते. अनवाणी गेले असते." तिला धाप लागते. "मुलगा झाला का मुलगी, ते पण मला माहीत नाही. काय झालं तिला? सांगा ना. काय झालं?"

गेनभाऊ तोंड उघडतो. आवाज येत नाही, नुसती सेटची खरखर येते. तो हाताने खुणावतो. मग एवढंच ऐकू येतं, अगदी कानापाशी, त्या मास्तरी सुरात.

"बटण सोड, कला. सोडल्याशिवाय ऐकू कसं येणार?"

"नाही सोडणार," ती म्हणते.

काचेवर टकटक होते.

धुकं जरा विरळ झालंय. बाहेर भिवा उभा आहे. तो तिच्या हाताकडे बोट दाखवतो. कलाबाई खाली बघते. माईक तिच्या मुठीत आहे आणि अंगठा बटणावर इतका जोरात रुतलाय की नखाभोवतीचं रक्त उतरून तो पांढरा पडलाय.

तिला समजायला थोडा वेळ लागतो. भिवाच्या मागे सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांपाशी उभे आहेत. दारं उघडी आहेत. हातातल्या चहावर साय धरलीय आणि कुणी एक घोटही घेतलेला नाही. एकजण टॉवेलने डोळे पुसतोय. म्हणजे सगळं गेलं. गेनभाऊ कुणाला ऐकू आला नसेल, पण तिचा शब्दन् शब्द साऱ्या घाटाने ऐकला, वरून खालपर्यंत. तिची कानशिलं तापतात. मग तिच्या लक्षात येतं की खालपर्यंत म्हणजे कुठपर्यंत.

ती अंगठा उचलते. एकेका पेराला सांगून उचलावा लागतो.

आधी खरखर येते. मग कुणीतरी रडं गिळल्याचा आवाज, आणि मग तोच आवाज.

"आई, पोचलं."

माथ्यावर कुणी हलत नाही.

"मुलगी झाली, आई. आता शाळेत जाते. इथं शेजारीच उभी आहे, माईक ओढतेय माझ्या हातातनं."

भिवा मागे वळून बाकीच्यांना हळूच सांगतो की घरच्यांनी पोचलं म्हटलंय, निघायला हरकत नाही. लेकही घरचीच, यावर कुणाचं दुमत नाही. पण गाडी कुणीच चालू करत नाही.

नवऱ्याला पोचलं म्हणायचं कलाबाईचं राहिलंच आहे. राहू दे. रीतच आहे, उत्तर आलं नाही की पुढच्याने थांबायचं. थांबू दे गेनभाऊला वळणावर, गाडी बाजूला घेऊन. आज तरी तिच्या तोंडून ते निघणार नाही, आणि उद्याचं तिला सांगता येत नाही.

ती आपला अंगठा बघते. बटणाच्या तीन रेघा मांसात खोल उमटल्यात. ती पदराने चोळते, त्या जात नाहीत. सेटमधून खाली कुठेतरी एक बारीक आवाज विचारतोय, कोण आहे, कोण आहे, आणि मग बटण सुटतं आणि नुसती खरखर उरते. आता बोलायची पाळी इकडची आहे.

कलाबाई माईक तोंडाशी नेते. अंगठा पुन्हा त्याच तीन रेघांवर बसवते आणि दाबते.

"पूनम," ती म्हणते.