तिरपा थर

प्रयोगशाळेत सगळे तिला तराजूबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिची त्याला हरकत नसे. सेंट्रिफ्यूजमध्ये रक्ताच्या नळ्या गरगर फिरवल्या की पेशी तळाला बसतात आणि तपासायचं पिवळं सिरम वर राहतं. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या नसल्या तर मशीन अंगात आल्यासारखं थरथरतं. बाकीचे लोक नजरेनं अंदाज घेत. ही प्रत्येक जोडी छोट्या काट्यावर तोलून मगच आत ठेवी.

तेवीस वर्षं तिनं एकच मशीन सांभाळलं होतं. त्यात नळ्यांचे डबे पाळण्यासारखे लटकत आणि फिरताना आडवे होत. दर शनिवारी ती आतलं भांडं सौम्य साबणानं पुसून घेई, पाळणे ज्या खुंट्यांवर झुलत त्यांना बोटानं ग्रीस लावी, रबरी गाद्यांना तडे गेलेत का ते बघे. झाकणाच्या आत मोटरचे झिजणारे कार्बन ब्रश शेवटचे कधी बदलले ती तारीख लिहिलेली असे. पण आता ते ब्रश मिळेनासे झाले होते. नवं मशीन घ्यावंच लागणार होतं, हे तीच सगळ्यांत आधी म्हणाली.

मागणीच्या अर्जात तीन रकाने होते: मिनिटाला फेरे किती, नळ्या किती, किंमत किती. झुलते पाळणे हवेत की नळ्या खोचायची न हलणारी तिरकी भोकं, हे विचारणारा रकानाच नव्हता. तिनं समासात लिहिलं, ‘पाळण्याचंच हवं’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

चार महिन्यांनी खोकं आलं. उघडलं तर आत तिरकी भोकं. ती तडक टायपिंगच्या खोलीत गेली.

“समासातलं आम्ही टाइप करत नाही, ताई,” टायपिस्ट म्हणाली.

खरेदी अधिकाऱ्यांनी मशीनच्या डोक्यावर थाप मारली. “बाई, जुन्याच्या दुप्पट फेरे आहेत. आणखी काय पाहिजे?”

“साहेब, मला शर्यत नाही लावायची.”

ते हसले आणि तिच्यासमोर कागद सरकवला. ‘यंत्र समाधानकारक’ अशी तिची सही शनिवारपर्यंत हवी होती. सही झाली की जुनं मशीन भंगारात जाणार आणि नवं किमान दहा वर्षं हलणार नव्हतं.

ती सही करीना. लोकांना वाटलं, म्हातारीचा जुन्यावर जीव आहे. तसं नव्हतं. आजकालच्या नळ्यांत तळाशी जेल असतं. फिरवताना ते पेशी आणि सिरम यांच्यामध्ये झाकणासारखं बसतं. पाळण्यात ते सपाट बसे. तिरक्या भोकात तिरपं बसे, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला इतकं पातळ की पेशी तिथून वर डोकावत. तिनं कंपनीच्या माणसाला फोन केला.

“मशीन चालतंय ना, मॅडम?”

“चालतंय हो. पंखासुद्धा चालतो. पाळण्याचं डोकं यावर बसेल का?”

“या मॉडेलला नाही बसत.”

तिनं फोन ठेवला आणि उगीचच टेबल पुसलं.

बुधवारी ती रजेवर होती. गुरुवारी सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरांचा निरोप आला. कालच्या एका आजोबांचं पोटॅशियम सहा पॉइंट तीन आलं होतं. ते खरं असेल तर हृदयाला धोका. आजोबांना बोलावून घेतलं होतं. दोन बस बदलून ते लेकीबरोबर आले आणि दंड उघडा करत म्हणाले, “काल दिलेलं सांडलं वाटतं?”

तराजूबाईनं नवं रक्त जुन्या मशीनवर फिरवलं. चार पॉइंट चार. आजोबा ठणठणीत होते.

तिनं कालची नळी शोधून उजेडात धरली आणि प्रयोगशाळेतल्या धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे दीड वर्षापूर्वी लागलेली सहकारी, कामाला तडफदार.

“ही नव्या मशीनवर दोनदा फिरवलीस?”

“थर तिरपा बसला होता. म्हटलं, नळी उलट्या अंगानं ठेवून परत फिरवावी, सरळ होईल.”

“अगं, जेलची नळी परत फिरवतात का कधी? पेशींच्या बाजूला राहिलेलं सिरम वर येतं. त्यात पोटॅशियम किती असतं, माहिती नाही तुला?”

धाकटीचे डोळे भरले. तराजूबाईला तिची कीवही आली आणि रागही आला. साधी नळी परत फिरवली तर चालतं. तीच सवय पोरीच्या हाताला होती.

हा प्रकार खरेदीच्या साहेबांच्या कानावर गेला. “म्हणजे चूक माणसाची,” ते म्हणाले. “मशीनची नाही. मी तेच सांगतोय.”

“थर नीट बसला असता तर तिनं ती परत कशाला फिरवली असती?”

“तिला शिकवा. शनिवार परवा आहे.”

घरी तिला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, “करून टाक सही. तुझ्या बापाचं मशीन आहे का?”

“अहो, सुई त्या म्हाताऱ्याला परत टोचली. माझ्या हातानं.”

“मग रिपोर्टवर सही कोण करतं?”

“मी.”

तिच्या ताटात त्यानं भात वाढला. तो तिनं तसाच ठेवला.

शुक्रवारी तिनं वीस रुग्णांच्या प्रत्येकी दोन नळ्या घेतल्या, एक जुन्यात, एक नव्यात फिरवली, आणि पातळ कडेतून पेशींचं पोटॅशियम वर झिरपतं का ते बघायला रात्रभर फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या. शनिवारी सकाळी तपासल्या. नव्यातल्या वीसपैकी सातांचं पोटॅशियम वर चढलं होतं. नळ्यांचा स्टँडच उचलून ती साहेबांच्या टेबलावर घेऊन गेली.

“इथे रक्त कशाला आणलंत?”

“थर बघा.”

त्यांनी लांबूनच पाहिलं. तिनं कागद ओढून शेऱ्यात लिहिलं, ‘लघवीच्या तपासणीसाठी समाधानकारक. जेलच्या रक्तनळ्यांसाठी नाही. जुनं यंत्र भंगारात काढू नये.’ आणि खाली सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “असलं काही वर पाठवता येत नाही, बाई.”

“मग दुसरा कागद घ्या आणि सही तुम्ही करा. त्या आजोबांसारख्यांना फोनही तुम्हीच करत जा.”

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग शिक्का मारला. “उद्या जुनं बंद पडलं तर?”

“तर पाळण्याचं मिळेपर्यंत मी इथे येऊन बसेन.”

प्रयोगशाळेत धाकटी दारातच उभी होती. “काय झालं?”

“दोन्ही राहिली.”

“म्हणजे जिंकलो?”

“कसलं जिंकलो. एवढं मशीन लघवीच्या नळ्या फिरवणार. ब्रश अजून मिळालेले नाहीत. आणि मी मागितलं होतं ते कुठंय?”

टेबलावर सकाळच्या अडतीस नळ्या थांबल्या होत्या. जुन्यात एका वेळी सोळाच बसत. म्हणजे तीनदा भरायचं. तराजूबाईनं हातमोजे चढवले आणि धाकटीला म्हणाली, “चल, जोड्या लाव.”