सर्व्हर बंद पडायचा तेव्हा

डिचोलीला ट्रकच्या सुट्या भागांचं माझं दुकान. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर मी सतत चालू ठेवायचो. तोच माझा सर्व्हर, त्यावर माझी वेबसाइट. दुकानाच्या जाहिरातीसाठी केली होती, पण तिच्यावरून गिऱ्हाईक कधी आलं नाही. नेमाने बघायचा तो आमचा दादा, वास्कोला बसून.

पेडण्याच्या घरात आमचा एकच गणपती. भाऊ कुठेही राहोत, चवथीला मूळ घरी यायचं, वेगळा गणपती आणायचा नाही. दादाला वडिलांनी शिकवलं, तो मुरगाव बंदरात कारकून झाला. मला शाळेतून काढून खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढवलं. पुढे घराची वाटणी निघाली, तेव्हा ऐन चवथीला, पंगतीत, मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, "शिक्षण सगळें तुका, आनी आतां घरय अर्दें?"

तो भरल्या पानावरून उठला. पुन्हा आला नाही. माझं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. पण जेवत्या माणसाला मी उठवलं, हेही खोटं नाही.

मग मी दरवर्षी गणपतीचा आणि त्याच्यावर टांगलेल्या माटोळीच्या रानफळांचा फोटो साइटवर घालू लागलो. कोणासाठी, ते बोललो नाही. वयनीने एकदा माझ्या बायकोला सांगितलं, की दादा आंघोळ करून आधी तो फोटो बघतो, मग चहा घेतो.

कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम सारखी अडकायची. फोटो दिसेनासा झाला की दुकानातला फोन वाजे, पलीकडे दादा.

"काय रे शेट, वेळे आदींच विसर्जन केलें मरे?"

"थांब, चालू करतां."

"लोकांचे ट्रक चलयतलो म्हणें! एक यंत्र चलना तुजें!"

मी फोन आपटायचो. आमचं बोलणं ते एवढंच.

शेवटी त्या टोमण्यांना कंटाळलो. लिनक्स घातलं की सर्व्हर पडत नाही, असं ऐकलं होतं. म्हापशाच्या एका कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. पडला तर पैसे परत, अशी अट घातली, वर वीज गेल्यावर चालणारी बॅटरीही फुकट काढली. त्याने सगळी साइट फोटोंसकट बाजूला काढून ठेवली, मशीन कोरं केलं, नवी सिस्टीम बसवली आणि साइट परत चढवली. बाहेर पडताना म्हणाला, "शेट, आता विसरा."

खरंच विसरण्यासारखं झालं. वीज गेली, पावसाळा गेला, सर्व्हर पडला नाही. आणि फोन वाजला नाही. सुरुवातीला जिंकल्यासारखं वाटलं. मग गिऱ्हाईक समोर असतानाही नजर फोनकडे जाऊ लागली. दादा माझ्याशी बोलत होता तो एका निमित्ताने. ते निमित्त मी पदरचे पैसे घालून मोडलं होतं.

एकदा चवथ जवळ आलेली असताना मागच्या खोलीत गेलो आणि सर्व्हरच्या वायरीला हात घातला. ओढली असती तर फोन नक्की आला असता. पण सकाळी आंघोळ करून बसलेला दादा डोळ्यांसमोर आला. त्याचा देव झाकून त्याला बोलवायचं? हात काढला आणि वास्कोचा नंबर फिरवला.

फोन वयनीने घेतला. माझा आवाज ऐकून घाबरली. "भावजी? कितें जालें? कोण गेलो?"

आपणहून मी तिथे कधी फोनच केला नव्हता.

"कोण ना, वयनी. दादाक दी."

दादा आला. "पडलो?"

"ना. आतां तो पडचो ना."

"मागीर फोन कित्याक?"

"चवथीक यो."

तो म्हणाला, "आनी वाटणेचें?"

डोकं तापलं. जिभेवर आलेलं गिळलं. "आदीं जेवया."

"पळोवया," तो म्हणाला.

सौद्यात 'बघू' म्हणणाऱ्याला मी दुकानाबाहेरची वाट दाखवतो. त्या दिवशी "बरें" म्हटलं, आणि त्याने फोन ठेवेपर्यंत मी ठेवला नाही.