अक्कांच्या खाटेपुढचा पडदा

आमच्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागरीच्या जागी भोकं होती, पण दार कधी निघालं आणि कुठे गेलं ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. चौकटीवर यजमानांचं एक विटकं धोतर टांगलेलं असे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ते धोतर उडून वर गुंडाळलं जाई आणि मी खोलीत जे काही करत असेन ते समोरच्या खाटेवर बसलेल्या अक्कांना दिसे.

अक्का म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. मी सोलापूरची. माझे मामा मद्रासला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ काढलं. घर मद्रासमधल्याच तिरुवल्लिकेणीतलं, माणसं तंजावरकडची मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडेच मुरलेली. आमच्याकडे थोरल्या नणंदेला वन्सं म्हणतात, पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की इथे अक्काच म्हणायचं. सासूसासरे नव्हते. अक्का पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि पाठोपाठ आई गेली, तेव्हा माझे यजमान तीन वर्षांचे होते. त्यांना अक्कांनीच वाढवलं. हे मला सर्वांनी सांगितलं, अक्कांनी स्वतः अनेकदा सांगितलं.

त्यांची मराठी मला पोथीतल्यासारखी वाटायची आणि बोलण्याची चाल सगळी तमिळ. 'हवं' या शब्दाला त्या 'होणं' म्हणत. मी एकदा धीर करून दाराचा विषय काढला, तेव्हा तांदळातले खडे निवडता निवडता त्या म्हणाल्या, "दार कशास होणं गे? घरात चोर कोण, मी का?"

यजमान तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मग मी पडद्याच्या मागे लागले. शेजारच्या घरात एक तमिळ बाई राहत. त्यांचा नवरा तरुणपणी जहाजावर नोकरीला होता आणि खलाशी लोक फावल्या वेळात दोरीच्या गाठी मारून पिशव्या, पट्टे बनवतात ते तो शिकून आला होता. त्याच्याकडून बाई शिकल्या. त्यांच्या खिडकीत नुसत्या गाठींनी केलेली एक झोळी टांगलेली होती, तिच्यात लिंबं ठेवलेली असत. हल्ली याला मॅक्रमे म्हणतात, त्याचे वर्गही निघालेत म्हणे. आम्हाला काही नाव ठाऊक नव्हतं. मला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि तरी चार दुपारींत त्यांनी मला दोन गाठी शिकवल्या. एक चौकोनी, चार पदरांची, मधले दोन पदर स्थिर ठेवून बाहेरच्या दोघांनी मारायची. दुसरी अर्धी, एका दोरीला दुसरीने वळसा घालून ओढून घ्यायची. त्या माझी बोटं धरून गाठ बसवत. चुकलं की तोंडाने 'च्च' करत आणि सोडवायला लावत. बस्स, एवढ्यावर सगळा पडदा होतो.

माझे वडील सोलापूरला गिरणीत होते. त्यांना लिहिलं, तर त्यांनी मद्रासला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर जाड सुती दोरीची दोन बंडलं पाठवली. पांढरी, मऊ, अजून कापसाचा वास असलेली. मी खिडकीच्या गजांना आडवा बांबू बांधला. पडदा जेवढा लांब हवा त्याच्या आठपट दोरी कापायची, दुमडून मधोमध बांबूवर अडकवायची, म्हणजे दोन पदर लोंबतात. खाली लोंबणारी दोरी गुंतू नये म्हणून प्रत्येक पदराची छोटी गुंडी करून ठेवायची. पहिल्या ओळी दाट घातल्या. मग दर ओळीला दोन पदर सोडून गाठ मारत गेलं की आपोआप जाळी उमटते. सकाळचा स्वयंपाक आटोपला आणि यजमान कचेरीत गेले की मी तासभर उभी राहून गाठी मारी. हात दुखत, खांदे भरून येत. पण ओळीखाली ओळ उतरत होती आणि त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

अर्धा पडदा झाला तेव्हा मला पाचवा महिना लागला होता.

अक्का एके दिवशी खोलीच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. आत कधी येत नसत. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या.

"किती गाठी झाल्या?"

"मोजल्या नाहीत, अक्का."

"पोटुशी बाईने गाठ मारूं नये. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

मी हसले. ते हसणं चुकलं. संध्याकाळी यजमान आले तेव्हा अक्कांनी त्यांना कॉफीचा पेला हातात दिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं की गाठी सुटल्या पाहिजेत, सगळ्या, नाही तर बाळ अडेल. यजमानांनी कॉफी प्यायली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती म्हणते तर सोड ना. नंतर परत करता येईल."

मी कातर घेतली. बांबूखाली एक काप दिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"कातर नको. कापलेली गाठ सुटत नाही, तशीच राहते. एकेक सोड."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला पाट चौकटीत मांडला आणि मला समोर जमिनीवर बसवलं. दोरी सुती, आणि मी ती जीव ओतून आवळलेली. बोटांनी गाठ हलेना. त्यांनी मला दाभण आणून दिला. त्याच्या टोकाने गाठीचं पोट उकरायचं, जरा सैल पडली की नखाने ओढायची. पहिल्या दिवशी दोन ओळी सुटल्या. बोटांची टोकं फुटली, दोरीला तांबूस डाग पडले. अक्का समोर बसून भाजी चिरत, देवाचं म्हणत आणि मधूनच हात पुढे करून दोरी तपासत. "ही सुटली नाही. बघ. आत आहे." माझे पाय सुजले होते, तसं बसवत नव्हतं. मी म्हटलं, थोडा वेळ पडू का? त्या म्हणाल्या, "पड. उठलीस की बस." असे अकरा दिवस गेले. यजमान रोज माझ्या हातांकडे बघत आणि झोपण्यापूर्वी खोबरेल तेलाची बाटली माझ्या उशाशी ठेवत. त्या तेलाची मला अजून शिसारी येते.

सुटलेली दोरी सरळ होईना, कुरळी राहिली. अक्कांनी ती धुतली आणि अंगणात वाळत घालण्याची दोरी म्हणून बांधली. तमिळमध्ये वाळणीच्या दोरीला कोडी म्हणतात. तो शब्द मी तेव्हा शिकले, कारण मोलकरीण रोज विचारी, ओलं कुठे घालू, आणि अक्का सांगत, नव्या कोडीवर.

मुलगा झाला तो गेलेलाच होता. सरकारी इस्पितळात, भर सकाळी. मी शुद्धीवर होते. नर्स अक्कांना तमिळमध्ये काहीतरी सांगत होती आणि त्यातला एकच शब्द मला कळला, कोडी. मला वाटलं कपड्यांबद्दल बोलताहेत. मग अक्का माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी सांगितलं, "नाळ. गळ्यास गुंडाळली होती. दोन वेढे."

नाळेलाही तिकडे कोडीच म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर अन्याय होईल. घरी आल्यावर अक्कांनी माझी सगळी उस्तवार केली. मिरी-लसणाचं रसम स्वतः रांधून भरवलं. दूध सुकावं म्हणून छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. माझे रक्ताचे कपडे मोलकरणीला दिले नाहीत, आपण धुतले. आणि भेटायला बायका येत, त्या माझ्या अंथरुणाभोवती बसत, तेव्हा हळू, दुःखी आवाजात अक्का प्रत्येकीला सांगत, "एक गाठ राहिली असेल. मी बघत होते, तरी राहिली असेल." बायका माझ्याकडे बघत. पंधरा दिवसांत मी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल. यजमानही ऐकत. मला वाटे, आज काही बोलतील.

तीन वर्षांनी अक्कांना झटका आला. न्हाणीत पडल्या, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वैद्य म्हणाले, समजतं सगळं, बोलता येणार नाही. खाट होती तिथेच राहिली, आमच्या चौकटीसमोर. त्यांना धुणं, पुसणं, भरवणं माझ्याकडे आलं. मी त्यात कसूर केली नाही. त्यांच्या पाठीला एक फोड आला नाही, हे वैद्यांनी चारचौघांत सांगितलं.

त्याच सुमारास मला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना सरल्यावर मी वडिलांना लिहिलं, दोरी पाठवा, मागच्यापेक्षा जास्त.

या वेळी बांबू मी खिडकीला बांधला नाही. अक्कांच्या खाटेच्या पायथ्याशी, छताच्या आढ्याला दोन दोऱ्या टाकून टांगला. त्यांना मान फिरवावी लागू नये अशा बेताने. पहिली दोरी अडकवली तेव्हा त्या नुसत्या बघत होत्या. मी पहिली चौकोनी गाठ मारली, आवळली, आणि मग मी माझं पोट दिसेल अशी जरा वळले.

त्यांच्या तोंडातून आवाज आला. "गा... गा..."

"काय अक्का? गार वाटतंय? पांघरूण देऊ?"

"गा..."

"पाणी होणं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. पेला आणून तोंडाला लावला. पाणी ओठांवरून ओघळलं. डावा हात त्यांनी उचलला आणि माझ्या पोटाकडे नेला, मग दोरीकडे. मी तो हात धरून सावकाश त्यांच्या कुशीत ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि पुढची गाठ मारली.

असं मी चार महिने केलं. दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना. कधी एक पदर मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताशी सोडत असे. त्या तो पकडून गाठ उकलू बघत. एका हाताने, तेही डाव्या, आवळलेली गाठ सुटत नाही. मी बघत बसे. त्यांच्या कपाळावर घाम येई, डोळ्यांतून पाणी वाही, आणि मी मनात ओळी मोजत असे. मला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्रंदिवस वाटे. पोटात हालचाल जरा कमी झाली की ती परत लागेपर्यंत मी पोटावर हात ठेवून बसून राही. पण दुसऱ्या दुपारी मी पुन्हा दोरी हातात घेई. पोटातल्या जिवावर मी पैज लावली होती, आणि अक्कांनी ती बघत राहावी एवढ्यासाठी. आईने असं करावं का, हे मला कुणी विचारू नये. उत्तर मला माहीत आहे.

मुलगी झाली. सुखरूप, खणखणीत रडणारी. बाराव्या दिवशी मी तिला घेऊन अक्कांपाशी गेले आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. त्यांनी डावा हात पुढे केला. चेहऱ्याची हलणारी बाजू हसली, खरोखर हसली. मला वाटलं होतं, त्या हरतील, मान फिरवतील. त्यांना इतका आनंद होईल हे मी धरलंच नव्हतं. मी मुलीला घेऊन आत निघून आले.

पडदा मी खाटेपुढेच राहू दिला. पाहुणे बसत तिथून मग अक्का दिसेनाशा झाल्या. येणारीजाणारी जाळी हातात धरून बघत, केवढं काम म्हणत, कुठे शिकलात म्हणत. पलीकडे कोण आहे ते हळूहळू कुणी विचारेनासं झालं. दुपारच्या उन्हात जाळीची सावली त्यांच्या अंगावर पडे. मुलगी रांगायला लागल्यावर खालच्या झालरीतून पलीकडे जाई आणि खाटेची कड धरून उभी राही. पलीकडून दोघींचे आवाज येत, दोघींनाही बोलता येत नव्हतं. मी दर वेळी तिला पायाला धरून ओढून आणत असे.

मुलगी सव्वा वर्षाची असताना अक्का गेल्या. सकाळी चेहरा पुसायला गेले तेव्हा गेलेल्या होत्या. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर यजमान खाट मोडत होते. चारही खूर निघाल्यावर ते तसेच उकिडवे बसून राहिले.

"मी आलो की ती त्या जाळीकडे बघून 'गा, गा' करायची," ते म्हणाले. "तुला कळत होतं ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. "मलाही कळत होतं."

मी वाट बघत उभी राहिले, पुढे काही म्हणतील म्हणून. त्यांनी खाटेच्या फळ्या एकावर एक रचल्या, सुंभाने बांधल्या आणि खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात ठेवायला गेले.